तैलरंगांचा जनक कोण?

युरोपांतील व्यक्तिचित्रांच्या इतिहासांत तैलरंगांचा जनक म्हणून यान व्हान आइक याचें नांव अजूनही पुष्कळदां घेतलें जातें. या समजुतीचें मूळ तपासून पाहणें अवश्य आहे.

इटालियन चित्रकार वासारी यानें १५५० सालीं कलावंतांचीं चरित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत तो सांगतो कीं, फ्लँडर्समधील ब्रूज येथील व्हान आइकची रोगण देऊन उन्हांत ठेविलेली चित्रफळी उकलली. तेव्हां सावलींत वाळणारें रोगण शोधतां शोधतां त्यास जवसाच्या व अक्रोडाच्या तेलांचा गुण कळला. व्हान आइक १४४१ मध्यें वारला. म्हणजे ही हकीकत त्याच्या मागून १०९ वर्षांनीं छापली गेली. तरीही सव्वादोनशें वर्षें बहुतेकांनीं ती प्रमाण मानिली.

तिचें खंडन एका हस्तलिखितानें केलें. जर्मनींतील वोल्फेनब्युटल येथील ग्रंथपाल लेसिंग यास तेथील संग्रहांत थिओफिलस नामक ख्रिस्ती संन्याशाच्या कलाग्रंथाची पोथी आढळली. मूळ ग्रंथ बाराव्या शतकांतला असून, रंग जवसाच्या तेलांत खलण्याचा विधि त्यांत स्पष्ट दिलेला आहे. लेसिंगनें ही साक्ष १७७४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें २००८ मध्यें अफगाणिस्तानांतील बामियानच्या गुंफांमधील सातव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रांत अशींच वाळणारीं तेलें सांपडल्याचें जाहीर झालें.

मग व्हान आइकचें श्रेय कोणतें? त्याचें उत्तर थिओफिलसच्याच ग्रंथांत सूचित आहे. एक थर वाळल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं, म्हणून आकृति रंगविण्यास ही रीत फार कंटाळवाणी, अशी त्याची तक्रार आहे. व्हान आइकनें या दोषाचाच गुण केला. ओक लाकडाची फळी, तीवर खडू व सरस यांचा पांढरा लेप, आणि वर तेलरंगाचे पातळ, पारदर्शक थर, अशी त्याची रचना असे. प्रकाश थरांतून आंत शिरून लेपावरून परततो व रंगास आंतून उजळल्यासारखें तेज येतें. लंडनच्या नॅशनल गॅलरींतील तांबड्या शिरोवस्त्राच्या पुरुषाचें चित्र पाहावें. त्याची उंची वीतभराहून किंचित् अधिक. तरी हनुवटीवरील खुंट, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, डोळ्यांच्या पांढऱ्या भागांतील बारीक रक्तवाहिन्यादेखील त्यांत दिसतात. मूळ चौकटीवर कर्त्याचें नांव व २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख आहे.

तात्पर्य, शोधाचा मान गेला तरी कौशल्याचा मान राहिला. आणि हा निवाडा झाला तो कारागिरीच्या एका साध्या पोथीमुळें. शाई, रंग, रोगण यांच्या कृति लिहिलेलें एखादें बाड हातीं आल्यास संग्राहकांनीं तें किरकोळ समजून बाजूस सारूं नये.