जाळीखालचे कलकत्ता

२० डिसेंबर १९४२ च्या रात्री कलकत्त्यावर पहिले जपानी बाँब पडले. त्या महायुद्धात लष्करी मोटारी विमानांपासून लपविण्यासाठी त्यांवर जाळी पसरीत. तिच्या डोळ्यांतून रंगविलेल्या तागाच्या पट्ट्या हातांनी ओवायच्या; मध्ये दाट, कडेला विरळ, म्हणजे मोटारीची सावली भूमीत विरून जाई. असे तागाचे कापड विणणाऱ्या गिरण्या हुगळीकाठी ओळीने उभ्या होत्या. त्याच बंगालात १९४३ साली लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, आणि वृत्तनिर्बंधांनी तेही झाकले होते. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यांवरील भुकेल्यांची छायाचित्रे छापली. मोटारींवरील जाळी युद्ध संपताच उतरली. हे दुसरे आवरण मात्र युद्ध चालू असतानाच एका वर्तमानपत्राला फाडावे लागले.