सरासरी कोणी ठरवली? फाल्गुन-चैत्राच्या हवेची गोष्ट

"आजचे कमाल तापमान सरासरीपेक्षा ३ अंशांनी जास्त," असं आपण बातम्यांत ऐकतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण ही सरासरी आली कुठून? आज तिचाच इतिहास सांगते.

आपल्या आज्या-पणज्यांची सरासरी सणांत होती. होळी जळाली, थंडी पळाली. फाल्गुनात ज्वारी-हरभऱ्याची काढणी, मग उन्हं तापली की कुरडया-पापड, पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर. हवा या क्रमात बसली की वर्ष सरळ गेलं म्हणायचं.

सरकारी मोजणी मात्र संकटांतून आली. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ आलं. पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. मग १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात.

याच पुण्यात १९४८ मध्ये अण्णा मणी रुजू झाल्या. नाव पुरुषाचं वाटेल, पण त्या केरळच्या बाई. तेव्हा हवामानाची साधी उपकरणंही परदेशातून यायची. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के करून ती आपल्या देशात बनवायला लावली. उपकरण सगळीकडे सारखं असेल, तरच नांदेडचा आकडा नाशिकच्या आकड्याशी ताडून बघता येतो.

आता सरासरी म्हणजे काय? एका ठिकाणच्या ३० वर्षांच्या नोंदींचा मध्य. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० ही वर्षं धरतात, आधी १९८१ ते २०१० धरत होते. म्हणजे दर दहा वर्षांनी जुनी दहा वर्षं गळतात आणि नवी दहा येतात. नवी वर्षं जास्त तापलेली असतील, तर सरासरीच वर सरकते. मग तेवढंच ऊन असलं, तरी बातमीत फरक कमी ऐकू येतो. आपल्या अंगाला मात्र ते तेवढंच भाजतं.

दुसरी गोष्ट. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर जावा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावा, तेव्हा साधारणपणे उष्णतेची लाट म्हणतात. समजा मार्चात पारा ३८ वर गेला आणि तो सरासरीहून ५ अंश जास्त आहे. तरीही ती लाट ठरत नाही. पण हरभरा काढणाऱ्या बाईला भोवळ यायची ती येतेच. म्हणून इशाऱ्याची वाट न बघता काम पहाटे सुरू करा, पाण्याची कळशी बांधावर ठेवा.

२०१४ ची गारपीट आठवते ना? फेब्रुवारीअखेर आणि मार्चात गहू, ज्वारी, द्राक्षं झोपली. २०२२ चा मार्च तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. उत्तरेकडे गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. मार्चातल्या उन्हाचा परिणाम असा थेट बाजारापर्यंत गेला.

हवामान केंद्र प्रत्येक गावात नाही. पण बचत गटाची वही प्रत्येक गावात आहे. तिच्यात एक पान हवेसाठी ठेवा: थंडी कधी गेली, आंब्याला मोहोर कधी आला, गारा कोणत्या तारखेला पडल्या, काढणी कधी झाली. उद्या पंचनाम्याला माणूस आला, तर तारीख हाताशी असेल. आणि दहा वर्षांनी आपल्या सुना-लेकींना गावाची हवा किती बदलली, ते त्या पानावरून कळेल.

येत्या बैठकीत हे पान सुरू करा.