रशियाच्या तिजोरीचा राखणदार

राज्यक्रांतीचा इतिहास आपण बहुधा तोफांच्या गडगडाटातच ऐकतो. परंतु नवे राज्य टिकणार की नाही, याचा एक निवाडा बाजारपेठेत होत असतो. सरकारची नोट पुढे केली असता शेतकरी धान्याचे पोते सोडतो की नाही, हाच तो निवाडा. रशियात तो क्रांतीच्या विरुद्ध जाऊ लागला, तेव्हा ज्यांनी तोल सावरला ते ग्रिगोरी सोकोल्निकोव्ह.

१८८८ साली जन्मलेले सोकोल्निकोव्ह झारच्या अमदानीत सैबेरियातील हद्दपारीतून निसटले व पॅरिसला अर्थशास्त्र शिकले. १९१७ साली ते लेनिनबरोबर मायदेशी परतले. १९२२ साली अर्थखाते त्यांच्या हाती आले, त्या वेळी तिजोरीत खडखडाट होता आणि खर्च भागविण्यासाठी नोटा छापण्याचा सपाटा चालू होता. समाजवादात पैसा आपोआप नाहीसा होईल, असे मानणारेही पक्षात थोडे नव्हते.

सोकोल्निकोव्ह यांनी वेगळी वाट धरली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारी बँकेने ‘चेर्वोनेत्स’ ही नवी नोट काढली. तिचे मोल ७.७४ ग्रॅम शुद्ध सोन्याइतके ठरले. एक चतुर्थांश तारण मौल्यवान धातूंचे व भक्कम परकीय चलनाचे; उरलेले अल्पमुदतीच्या हुंड्यांचे आणि सहज खपणाऱ्या मालाचे. १९२४ साली जुन्या नोटा बाद झाल्या. एका सुवर्ण रुबलासाठी १९२३ च्या नोटांतले ५०,००० रुबल मोजावे लागले. आणि त्यांतला एकेक रुबल १९२२ पूर्वीच्या दहा लाखांच्या बरोबरीचा होता! शेतकऱ्याचा करही धान्याऐवजी रोखीत आला.

हे फुकट झाले नाही. खर्चाला कात्री लागली, कारखान्यांचा पतपुरवठा आखडला आणि कारखानदारी वेगाने वाढवू पाहणारे रुष्ट झाले. तरी लोक नोट विश्वासाने घेऊ लागले.

डिसेंबर १९२५ च्या पक्षाधिवेशनात, सरचिटणीसपदी स्टालिनच असले पाहिजेत असे नाही, असे सोकोल्निकोव्ह उघड बोलले. पुढच्याच महिन्यात त्यांचे अर्थखाते गेले. त्याच वर्षी चेर्वोनेत्स परदेशी नेण्यास बंदी झाली, आणि सोन्याशी असलेले तिचे नाते सैल होत गेले. १९२९ ते १९३२ ते लंडनला राजदूत होते. १९३७ च्या मॉस्को खटल्यात त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९३९ साली तुरुंगातच त्यांची हत्या झाली. १९८८ साली ते निर्दोष ठरले.

सरकारच्या नोटेला त्यांनी सोन्याचे तारण मिळवून दिले. त्यांच्या स्वतःच्या जिवाला मात्र त्या राज्यात कायद्याचे तारण लाभले नाही.