गाडीची हमी : सुताराच्या शब्दापासून कंपनीच्या कागदापर्यंत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी आपणांपुढे गाडीच्या हमीचा इतिहास मांडणार आहे. विषय पाहून काहीजण मनात हसतीलही. परंतु दसरा-दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. त्यांची उचल, मुकादमाचे कर्ज आणि घरच्यांची वर्षाची भाकरी ही पुष्कळदा एका ट्रॅक्टरवर अवलंबून असते. अशा माणसाने विकत घेतलेल्या गाडीत काही फेरफार केला आणि पुढे ती बिघडली, तर कंपनीने दिलेली हमी उरते की बुडते? हा प्रश्न त्याच्या दृष्टीने कोणत्याही तहनाम्याहून लहान नाही.

प्रथम आपल्या जुन्या गावगाड्याकडे पाहू. बैलगाडीचा तुंबा, आरे, आख आणि जू ही सुताराची कामे. चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवणे हे लोहाराचे. मोबदला म्हणून सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळत असे. या व्यवस्थेत जातीची बंधने होती, अन्याय होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाडी करणारा, ती दुरुस्त करणारा आणि तिच्यात फेरफार करणारा हा एकच माणूस होता. कडबा वाहण्यासाठी गाडीला उंच दांड्या बसवल्या आणि पुढे आख मोडला, तर दोष कोणाचा हा वाद चावडीपर्यंत जाण्याचे कारणच नव्हते. ज्याने बसवल्या त्यानेच आख बदलून द्यावा, हे उघड होते.

मोटार आली आणि हे एकपण मोडले. निजामाच्या संस्थानात, म्हणजे आपला जिल्हा तेव्हा ज्या राज्यात होता तेथे, १९३२ साली रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. त्या ‘आल्बियन’ बनावटीच्या होत्या. म्हणजे त्यांचा जन्म स्कॉटलंडमधला. पुढे १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवण्यास आरंभ केला. आपल्या देशात दीर्घ काळ असे चालत आले की कंपनीने सांगाडा, म्हणजे चॅसी, द्यावी आणि त्यावरचा साटा व फळ्या गावच्या कारागिराने चढवाव्यात. गाडी अपुरीच विकली जाई. ती पुरी करणारा हात वेगळा असे. बैलगाडीही बदलली. लोखंडी धावेची चाके जाऊन तिला रबरी टायर आले, पुष्कळदा जुन्या मोटारींच्या आखासकट. हीच आपली टायरगाडी. अलीकडे बैलांच्या जागी छोटा ट्रॅक्टर जोडून दोन-दोन टायरगाड्या ओढल्या जातात. फेरफार ही आपल्याकडे हौस नव्हे, उपजीविकेची रीत आहे.

आता कायद्याचा धागा हाती घेऊ. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३० साली मालविक्रीचा कायदा झाला. त्याने विक्रीतल्या वचनांचे दोन प्रकार केले. एक मूलभूत अट. ती मोडली तर सौदाच नाकारता येतो. दुसरे दुय्यम वचन, तेच इंग्रजी ‘वॉरंटी’. ते मोडले तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. एरवी, काही अपवाद सोडता, माल पारखून घेणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी.

याच काळात अमेरिकेत या प्रश्नावर झगडा चालू होता. त्याचा आरंभ एका लाकडी आऱ्यांच्या चाकापासून झाला, हे आपल्याला जवळचे वाटेल. ब्यूइक कंपनीच्या मोटारीचे चाक मोडून एक गिऱ्हाईक जखमी झाले. कंपनी म्हणाली, ‘आम्ही गाडी त्याला विकलीच नाही, दुकानदाराला विकली, चाकही दुसऱ्या कारखान्याचे आहे.’ १९१६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ही सबब फेटाळली : ज्याने गाडी तयार करून बाजारात आणली त्याने तिचे भाग तपासले पाहिजेत. मग कंपन्यांनी छापील हमीपत्राचा आश्रय घेतला. नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, तेही फक्त सुटा भाग बदलून देऊ, बाकी जबाबदारी नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली हेनिंग्सेन खटल्यात या कागदामागे दडण्यास कंपनीला मज्जाव केला. पुढे १९७५ साली अमेरिकेत कायदाच झाला, की केवळ बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्यावरून हमी रद्द करता येणार नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे हमी नाकारणाऱ्याने दाखवावे.

आपल्याकडे इतका स्पष्ट कायदा या प्रश्नापुरता झालेला नाही. परंतु वाट तयार झाली आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय केली. मात्र त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे : वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झालेला असताना अपाय घडला, तर विक्रेत्यावर त्याबद्दलचा दावा चालत नाही.

हे तत्त्व उदाहरणाने पाहू. समजा, वडवणीकडच्या एका मुकादमाने कर्ज काढून नवा ट्रॅक्टर घेतला. हंगामाच्या तोंडावर त्याने ट्रॉलीच्या फळ्या वाढवल्या, मूळ वायर कापून जादा दिवे व गाण्यांचा टेप जोडला, आणि ओढ वाढावी म्हणून डिझेल पंपाचे सील तोडून तेल जास्त सोडले. ऐन हंगामात पिस्टन जळाला. येथे कंपनीने हमी नाकारली तर तिला दोष देता येणार नाही. सील तोडल्याने तेल जास्त जळले, उष्णता वाढली, पिस्टन गेला. बॅटरीचे चार्जिंग बिघडले, तर कापलेल्या वायरीकडे बोट दाखवले जाणार. पण सुकाणूच्या खोक्यातला ओतीव भाग मुळातच सदोष निघाला तर? त्याचा टेपशी किंवा डिझेलच्या पंपाशी काय संबंध? ‘तुम्ही गाडीला हात लावला, सबब सगळीच हमी संपली’, हे उत्तर न्यायाचे नव्हे. कोणत्या फेरफाराने कोणता भाग गेला, हे कंपनीने सांगितले पाहिजे.

याशिवाय दोन हिशेब वेगळे असतात. त्यांची गल्लत करू नये. पहिला नोंदणीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. दुसरा विम्याचा, विमा कंपनीच्या अटी निराळ्या. एके ठिकाणी मिळालेली परवानगी दुसरीकडे चालेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातील गाडीमालकांनी विसरू नये. नफ्याच्या धंद्यासाठी वस्तू घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठीच ती घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. एकच ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा म्हणूनच उघडा आहे. दोष परीक्षेवाचून कळत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

तेव्हा करावे काय? फेरफारापूर्वी हमीपत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि कंपनीला लेखी विचारावे. काढलेला मूळ भाग भंगारात न देता जपून ठेवावा. फिटरकडून पावती घ्यावी. आणि हमी नाकारली गेली, तर नकार तोंडी न घेता कारणासह लेखी मागावा. पुढची सारी भांडणे त्या एका कागदावर उभी राहतात.

श्रोतेहो, सुताराचा शब्द पाळला जाई, कारण तो दुसऱ्या दिवशी आपल्याच दारावरून जाणार असे. कंपनी दूर असते. तिची भेट कागदावरच होते. तो कागद वाचण्याची आणि त्याचा जाब विचारण्याची सवय लावून घेणे, एवढेच या इतिहासाचे आपल्याकडे मागणे आहे. येत्या हंगामात आपल्यापैकी एकाने जरी गाडीचे सील तोडण्यापूर्वी हमीपत्र उघडले, तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन.