बर्फावरचा क्लच : स्नोमोबाइल चालते कशी आणि अडते कुठे?

काश्मीरमधील गुलमर्ग किंवा मनालीजवळील सोलंग खोऱ्यात हिवाळी सहलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना ‘स्नो स्कूटर’ नवी नाही. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्ट्याचा माग आणि मध्ये इंजिन अशी रचना असलेले हे वाहन मूळचे कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील. तेथे ते सहलीपुरते मर्यादित नाही. रस्ते बर्फाखाली गेले, की शिकार, मासेमारी, गस्त आणि रुग्णाला हलविणे ही सारी कामे त्याच्यावरच अवलंबून असतात. अशा ठिकाणी वस्तीपासून दूर, उणे तीस अंश तापमानात गाडी बंद पडली, तर प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, जिवाचा होतो.

या वाहनाच्या जन्मकथेतही हाच धागा आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्डिए तरुणपणापासूनच बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग करीत होते. १९३४च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक झाले. पण बर्फाने रस्ते बंद होते आणि नेण्यास वाहन नव्हते. मूल दगावले. पुढे १९३७मध्ये त्यांनी सात जणांना नेणारी ‘बी ७’ ही बर्फगाडी आणली आणि १९५९मध्ये एक-दोन जणांसाठीची हलकी ‘स्की-डू’. दरम्यान, १९५६मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रोझो गावात ‘पोलारिस’च्या कारखान्यातही अशी गाडी तयार झाली होती.

गिअर नाही, क्लचचा दांडा नाही

स्नोमोबाइलच्या चालकाला गिअर बदलावे लागत नाहीत. उजव्या अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा आणि डाव्या हाताने ब्रेक, एवढेच. उरलेले काम दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा एक रबरी बेल्ट करतात. हीच ‘सतत बदलणाऱ्या गुणोत्तराची’ प्रणाली, म्हणजे सीव्हीटी. नेदरलँड्समधील ‘डाफ’ कंपनीने १९५८मध्ये याच तत्त्वावर चालणारी छोटी मोटार सादर केली होती. आपल्याकडे १९८४मध्ये आलेल्या ‘कायनेटिक होंडा’ने विनागिअरची स्कूटर घरोघरी पोहोचविली, तिच्यातही हेच तत्त्व होते आणि आजच्या विनागिअर स्कूटरमध्येही तेच आहे.

पहिली पुली थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसते. तिला प्राथमिक क्लच म्हणतात. तिच्या दोन तबकड्यांपैकी एक स्थिर आणि दुसरी सरकती असते. इंजिन मंद चालत असताना स्प्रिंग या तबकड्या एकमेकींपासून दूर ठेवते. बेल्ट त्यांच्यामध्ये सैल राहतो आणि गाडी जागची हलत नाही. फेरे वाढले, की क्लचमधील वजने केंद्रोत्सारी बलाने बाहेर फेकली जातात आणि सरकत्या तबकडीला आत ढकलतात. बहुतेक टू-स्ट्रोक गाड्यांत मिनिटाला साधारण तीन ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यान तबकड्या बेल्टला घट्ट पकडतात आणि गाडी निघते.

फेरे आणखी वाढले, की तबकड्या जवळ येत जातात आणि बेल्ट पुलीच्या परिघाकडे चढत जातो. त्याच वेळी दुसऱ्या पुलीवर, म्हणजे दुय्यम क्लचवर, उलट घडते. तेथील तबकड्या फाकतात आणि बेल्ट केंद्राकडे उतरतो. आरंभी इंजिनच्या तीन ते चार फेऱ्यांमागे दुय्यम पुलीचा एक फेरा होत असतो. पूर्ण वेगात हे प्रमाण एकास एकच्या आसपास येते. दुय्यम पुलीची गती पुढे साखळीमार्फत मागाला मिळते.

दुय्यम क्लचमध्ये स्प्रिंगसोबत एक तिरकी खाच असलेला भाग असतो, त्याला हेलिक्स म्हणतात. चढ लागला किंवा मऊ बर्फात माग रुतू लागला, की त्यावरील भार वाढतो आणि हेलिक्स तबकड्यांना पुन्हा जवळ ढकलतो. बेल्ट वर चढतो, म्हणजेच गाडी आपोआप ‘खालच्या गिअर’मध्ये येते. इंजिनला सर्वाधिक शक्ती ज्या फेऱ्यांवर मिळते, त्याच फेऱ्यांवर ते टिकवून धरणे हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय.

स्कूटरशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. स्कूटरमध्ये मागील चाकापाशी वेगळा केंद्रोत्सारी क्लच असतो आणि बेल्ट सदैव पकडीत राहतो. स्नोमोबाइलमध्ये पकडणे-सोडणे हे कामही बेल्टवरच होते. म्हणून येथे बेल्टची झीज अधिक, आणि बहुतेक तक्रारींचे मूळही तेथेच.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला साध्या इंजिनची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे तेथे इंजिनची जवळजवळ पाव शक्ती केवळ विरळ हवेमुळे जाते. सखल भागासाठी बसविलेली वजने अशा ठिकाणी जड ठरतात आणि इंजिन आवश्यक फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे डोंगरी भागात हलकी वजने वापरतात. कार्ब्युरेटर असल्यास जेटही लहान लागतो. उलट, कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि त्याच जेटमधून येणारे पेट्रोल अपुरे पडते. इंधन-इंजेक्शन असलेल्या गाड्या पेट्रोलचे प्रमाण स्वतः सांभाळतात. वजने मात्र त्यांच्यातही बदलावी लागतात.

लक्षणे आणि कारणे

इंजिन गुरगुरते, पण गाडी हलत नाही : प्रथम बेल्ट पाहावा. तो तुटला असेल, झिजून अरुंद झाला असेल किंवा त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील. बेल्ट शाबूत असल्यास साखळी तपासावी. रात्रभर उभ्या गाडीचा माग बर्फाला चिकटला असेल, तर नुसता थ्रॉटल दाबत राहिल्यास बेल्ट एकाच जागी जळतो. इंजिन बंद ठेवून मागचा भाग उचलून माग मोकळा करावा आणि मगच इंजिन सुरू करावे.

फेरे ठरल्यापेक्षा जास्त, वेग कमी : बेल्ट घसरत आहे किंवा वजने हलकी आहेत. पुलीच्या तबकड्यांवर तेल-ग्रीसचा अंशही नको. त्या कोरड्या आणि स्वच्छच हव्यात.

फेरे ठरल्यापेक्षा कमी : वजने जड आहेत किंवा इंजिनच अशक्त आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बंद पडला तरी हेच लक्षण दिसते. म्हणून क्लच खोलण्यापूर्वी प्लग आणि पेट्रोल तपासणे शहाणपणाचे.

थ्रॉटल न दाबता गाडी सरकते : हे लक्षण सर्वांत धोक्याचे. मंद फेरे जास्त ठेवलेले असणे, चुकीच्या मापाचा किंवा फार ताणलेला बेल्ट, प्राथमिक क्लचची तुटलेली स्प्रिंग अथवा अडकलेली तबकडी ही त्याची कारणे. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

नवा बेल्टही वारंवार तुटतो : दोन्ही पुली एका रेषेत नसाव्यात. त्यांचे अंतर आणि सरळपणा निर्मात्याने दिलेल्या मापांनुसार तपासून घ्यावा. थंड बेल्टवर एकदम पूर्ण थ्रॉटल देण्याची सवयही त्याला मारक ठरते.

इंजिन सुरूच होत नाही : ठिणगी, पेट्रोल आणि दाब या क्रमाने शोध घ्यावा. त्याआधी बंद करण्याचे बटण आणि चालकाच्या कपड्याला अडकवायची सुरक्षा-दोरी जागेवर आहे ना, हे पाहावे. महिनोन् महिने टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट थर सोडते आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. प्लगचा रंग बोलका असतो : तपकिरी म्हणजे ठीक, काळा व ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी. टू-स्ट्रोक इंजिनात शेवटचे लक्षण गांभीर्याने घ्यावे. पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेले वंगणही कमी. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होण्यास फार वेळ लागत नाही.

बर्फात असूनही इंजिन तापते : द्रवाने थंड होणाऱ्या गाड्यांत मागाने उडविलेला बर्फच खालच्या उष्णता-विनिमयकाला गारवा देतो. कडक, गुळगुळीत बर्फावर तो उडत नाही आणि इंजिन तापते. अशा वेळी मऊ बर्फाकडे वळावे किंवा थांबावे.

काय करावे, काय टाळावे

बेल्टचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालवू नये. वेगात तुटलेला बेल्ट चाबकासारखा बसतो. बेल्ट काढून इंजिनला थ्रॉटल देऊ नये. भाराविना ते मर्यादेपलीकडे फिरते. प्राथमिक क्लच खोलण्यास खास हत्यार लागते आणि आतली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून ते काम जाणकारावरच सोपवावे. बंदिस्त शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांब पल्ल्याला निघताना जादा बेल्ट, प्लग आणि ते बदलण्याची हत्यारे सोबत असावीत. तुटलेला बेल्ट बदलायला सरावलेल्या हाताला काही मिनिटे पुरतात. जादा बेल्ट नसेल, तर तेवढ्यासाठी रात्र बर्फात काढावी लागू शकते.

भाड्याच्या स्नो स्कूटरवर बसणाऱ्या पर्यटकाने यातील दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. इंजिन चालू असताना, थ्रॉटलला हात नसतानाही गाडी पुढे सरकत असेल, तर तीवर बसू नये. आणि हेल्मेट व सुरक्षा-दोरी मागून घेण्यास संकोच करू नये. चालक खाली पडताच ती दोरी सुटते आणि इंजिन बंद होते.