रोव्हर्स करंडक

रोव्हर्स करंडक : मुंबईची एक जुनी फुटबॉल स्पर्धा. तिचा प्रारंभ १८९१ मध्ये झाला. भारतातील प्रमुख स्पर्धांपैकी ड्युरँड करंडक (१८८८) तेवढी तिच्याआधीची. पहिले विजेतेपद वुस्टरशर रेजिमेंटने मिळविले आणि पुढे १९३६ पर्यंत करंडक ब्रिटिश लष्करी संघांकडेच राहिला. मोहन बागानने १९२३ मध्ये अंतिम फेरी गाठली. परंतु डरॅम लाइट इन्फंट्रीपुढे त्याला हार पतकरावी लागली. लष्कराची ही मक्तेदारी अखेर १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या नागरी संघाने मोडली.

स्पर्धेचा खरा वैभवकाळ स्वातंत्र्योत्तर होय. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे करंडक जिंकला. यूरोपीय विजेत्या क्लबांची स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली व तिची पहिली पाच विजेतेपदे रेआल माद्रिदने मिळविली. त्यापूर्वीच हैदराबादचा हा पराक्रम घडला होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

दोन्ही स्पर्धा मूलतः बाद पद्धतीच्या. तथापि त्यांच्या रचनेत महत्त्वाचा भेद होता. यूरोपात अंतिम सामना वगळता प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक स्वगृही व एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, हंगामभर विखुरलेले असत. त्यामुळे देशोदेशींच्या साखळी स्पर्धांना बाध न येता ही स्पर्धा वाढत गेली. १९९२ मध्ये तिला चॅंपियन्स लीग हे नाव मिळाले, तर २०२४ पासून तिच्या प्राथमिक टप्प्यात ३६ संघांची एकच साखळी असते. रोव्हर्सचे संघ मात्र मुंबईत मुक्कामाला येत व कूपरेज मैदानावर खेळत. स्पर्धेची शान या मेळ्यात होती आणि तिचे दौर्बल्यही त्यातच होते. १९९६ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाल्यावर क्लबांचा हंगाम तीतच गुंतू लागला व अशा मुक्कामी स्पर्धांना अवसर उरला नाही. २०००–०१ नंतर रोव्हर्स करंडक भरला नाही.

नव्या पद्धतीत स्वगृहीचे मैदान महत्त्वाचे ठरले. पिंपरी–चिंचवडलगतचे बालेवाडी क्रीडासंकुल असेच पुणे एफसीचे स्वगृह बनले. २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये या क्लबने उपविजेतेपद मिळविले आणि २०१४ मध्ये तो आशियाई पातळीवरील एएफसी करंडकात खेळला.