गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे घट्ट मोजे: घालायचे कसे आणि मोबाईल कुठे कामी येतो?

आईचा गुडघा बदलला आणि आमच्या अंबरनाथच्या घरात रोज सकाळी एक झटापट सुरू झाली: कॉम्प्रेशन स्टॉकिंग चढवण्याची!

हे काम कसं करतं? या मोज्याचा दाब घोट्याजवळ सर्वात जास्त आणि वर कमी होत जातो. त्यामुळे पायात रक्त साचून राहत नाही आणि गुठळीचा धोका कमी व्हायला मदत होते.

साईज: मी पहिली जोडी चपलेच्या नंबरावरून ऑनलाइन मागवली. चुकलंच! घोट्याचा आणि पोटरीचा घेर, पायाची लांबी टेपने मोजा आणि मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. सूज कमी-जास्त झाली की पुन्हा मोजा.

घालताना: मोजा टाचेपर्यंत उलटा करा, आधी टाच बसवा, मग हळूहळू वर सरकवा. वरची कड दुमडू नका, ती दोरीसारखी आवळते.

अलार्म आणि फोटो: रोज मोजे काढून त्वचा बघायचा अलार्म लावा. टाचेवर फोड किंवा डाग दिसला तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

आईची पोटरी दुखली तेव्हा ती म्हणाली, "अरे, मोजाच आवळतोय." तरी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गुठळी नव्हती, साईजच चुकीची होती. पण हे घरी बसून कळत नाही. पोटरी दुखली, सुजली, गरम लागली तर गुगल करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८.